ते सील भरतनंच तोडलं

बसा मंडळी, बसा. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या. जागा आहे, समाजमंदिर आपलंच आहे.

कमळामावशी, स्मिता, गावातली सगळी माणसं, वाशी-ऐरोलीहून आलेले लोक, आणि आमच्या ऑफिसातले सगळे. मी वैशाली साळवी. महापालिकेच्या प्लास्टिकबंदीच्या पथकात मी भरतबरोबर काम करत होते. एका गाडीत बसायचो, एकमेकांच्या डब्यातलं जेवायचो. मला भाषण येत नाही. आमच्यात बोलायचं काम भरतचं असायचं. दुकानदाराशी हुज्जत घालायची तर तो पुढे, रडणाऱ्या भाजीवालीला समजवायचं तरी तोच पुढे. मी मागे उभी राहून पावती फाडायची. आज तो फोटोत जाऊन बसलाय आणि माईक माझ्या हातात आलाय.

रडून झालंय. राग आलाय मला. त्यामुळे आवाज चढला तर चढू द्या, मी माफी मागणार नाही.

आधी एक काम करा. ते पुष्पचक्र बघा, फोटोच्या डाव्या बाजूचं. आमच्या ऑफिसकडून आलंय. चकचकीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून आलंय. बघा ना! भरतच्या फोटोसमोर! कुणीतरी उठा आणि तो कागद काढा. स्मिता, तू नको उठू गं. हां, दादा, तुम्ही काढा. फुलं राहू द्या, फुलांनी काय केलंय?

तर भरत.

भरत ह्या गावातला. ह्या खाडीवर वाढलेला. त्याच्या वडिलांची होडी होती, तुम्हाला माहीत आहे. तो सांगायचा, लहानपणी जाळं ओढलं की म्हावरं यायचं. मग हळूहळू म्हावरं कमी आणि पिशव्या जास्त. शेवटी वडील एक दिवस जाळं झटकत बसले, झटकत बसले, आणि म्हणाले, बस झालं. होडी विकली. भरत शिकला, नोकरीला लागला. पण ते जाळं काही त्याच्या डोक्यातून गेलं नाही.

म्हणून सरकारची बंदी आली तेव्हा आमच्या ऑफिसात खूश झालेला माणूस एकच होता. पथक काढायचं ठरलं तेव्हा बाकीच्यांनी पाठदुखीपासून मुलीच्या दहावीपर्यंत सगळी कारणं सांगितली. रोज बाजारात जाऊन शिव्या कोण खाणार? भरतनं स्वतः जाऊन सांगितलं, मला घ्या.

आणि एक गोष्ट साहेब, तुम्ही पुढच्या रांगेत बसलाय म्हणून मुद्दाम सांगते. मी बंदीच्या विरोधात बोलत नाहीये. बंदी बरोबर होती. आजही बरोबर आहे. उद्या कुणी म्हणेल, बाई सरकारच्या धोरणाविरुद्ध बोलली. नाही. धोरणावर विश्वास ठेवणारा एक माणूस होता. तुम्ही त्याचं काय केलंत, त्याबद्दल मी बोलतेय.

आमचं काम काय होतं, ऐका. सकाळी गाडी काढायची. वाशीचे बाजार, ऐरोलीचे नाके, स्टेशनबाहेरच्या गाड्या. केळीवाला, मोगऱ्याचे गजरे विकणारी म्हातारी, इडलीवाला अण्णा. पिशव्या जप्त करायच्या, दंड करायचा, फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा. ग्रुपवर अंगठे यायचे. संपलं काम.

आणि समोर गिऱ्हाईक कोण? तुमच्या-माझ्यासारखं. सोसायटीतलं. कारमधून उतरणार, हात हलवत येणार. 'पिशवी दे.' बाई म्हणणार, 'साहेब, बंदी आहे.' 'मग काय हातात नेऊ? जाऊ दे, पलीकडे घेतो.' असे किती जण मी रोज बघितलेत! त्यांना कुणी दंड केला? पिशवी मागणारा घरी गेला आणि पिशवी देणारीच्या नावानं पावती फाटली. ऐरोलीच्या सोसायट्यांतून आज बरेच जण आलाय, भरतनं तुमच्याकडे येऊन भाषणं केली होती कापडी पिशवीवर. टाळ्या वाजवल्या होत्या तुम्ही. बरं वाटलं होतं त्याला. एवढंच बोलते.

आता मावशी, तुमची परवानगी न घेता तुमची गोष्ट सांगते.

एके दिवशी आमची गाडी मच्छी मार्केटसमोर उभी राहिली. भरत म्हणाला, 'आज तू जा. मी गाडीत बसतो.'

मी म्हटलं, 'का रे? काय झालं?'

'आत आई बसते.'

मग दार उघडून स्वतःच उतरला. 'नाय, चल. बाकीच्या बायकांना दंड आणि हिला सूट, असं नाय चालायचं.'

आत गेलो. मावशींच्या पाटीखाली पिशव्यांचं बंडल होतंच. अख्खं मार्केट सुरी थांबवून बघायला लागलं. पोरगा आईला पकडतोय! भरतची मान खाली. आणि मावशी, तुम्ही काय म्हणालात, मी विसरणार नाही. तुम्ही म्हणालात, 'पोरा, कर दंड. करच. पन मला सांग, ही पिशवी काय मी घरान बसून इनली? जिथं बनते तिथं तुमची गाडी कदी जाते?'

मार्केट हसलं. बायकांनी टाळ्या दिल्या एकमेकींना. भरत नाही हसला. त्यानं पावती फाडायला लावली मला, पण गाडीत येऊन बसल्यावर म्हणाला, 'वैशाली, आई बरोबर बोलते गं. आपण नळ उघडा ठेवून फरशी पुसतोय.'

तिथून तो बदलला. साहेबांकडे गेला आणि म्हणाला, आपण कारखान्यावर जाऊया. साहेब म्हणाले, बघू. पुन्हा गेला. बघू. मग त्यानं विचारणं सोडून दिलं. बाजारात पहाटे माल टाकणारा एक टेम्पो होता, सगळ्यांना माहीत असलेला. एक दिवस आम्ही आमच्या गाडीनं त्याच्या मागे गेलो. तुर्भ्याला. कारखान्यांच्या पट्ट्यात, ट्रकच्या रांगा ओलांडून, एका गल्लीत. तिथे एक गाळा.

मंडळी, शटर उघडलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आपण इतकी वर्षं काय करत होतो. छतापर्यंत गोणी. मशीन गरम. वास असा की डोळे चुरचुरायला लागले. आणि वर पोटमाळ्यावर बायका बसलेल्या, पिशव्या मोजून बंडलं बांधत. खाली यायला एक शिडी. बस. खिडकी नाही.

भरतला आनंद झाला होता. लहान मुलासारखा. माल जप्त केला, पंचनामा केला, बायकांना बाहेर काढलं, शटर ओढलं, कुलूप घातलं आणि त्यावर लाखेचं सील स्वतःच्या हातानं लावलं. लाख बोटाला चिकटली, पोळला, तरी हसतोय. म्हणाला, 'आईला सांगायला पाहिजे.'

आम्ही अजून गल्लीतच होतो आणि त्याचा फोन वाजला. साहेब, तुमचा होता. मी बाजूलाच उभी होते, फोन स्पीकरवर होता.

'कुठे आहात तुम्ही लोक?'

'तुर्भ्याला, साहेब. मोठा साठा मिळालाय.'

'तिकडे जायला कुणी सांगितलं? तुम्हाला बाजार दिलाय ना?'

'साहेब, बाजारात माल इथूनच येतो.'

'मालक म्हणतोय त्याचा माल जाड आहे. बंदीत बसत नाही.'

'साहेब, फुंकर मारली तर उडतेय पिशवी.'

'ते तपासणीत ठरेल. तू ठरवू नकोस.'

तपासणीत काय ठरलं, आजपर्यंत आम्हाला कुणी सांगितलेलं नाही. माल गाळ्याच्या मालकाला परत गेला, एवढं मात्र ड्रायव्हरकडून कळलं. सील तसंच राहिलं. का राहिलं? कारण सील असलं की गाळा कागदावर बंद. वरच्यांना दाखवायला कारवाई झालेली. आणि बाजूच्या बोळातून भिंत फोडून एक दार काढलेलं. दार कसलं, भोकच. वाकून एक माणूस जाईल एवढं. त्यातून गोणी आत, गोणी बाहेर. आणि त्याच बायका पुन्हा आत.

बाहेर सील. आत काम. तुम्हीच सांगा, ह्याला काय म्हणायचं?

भरतला हे कळलं त्या दिवशी तो मला घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेला. मी तिथे होते. जे बोलणं झालं ते माझ्यासमोर झालं. उद्या मला मेमो येईल तर येऊ दे.

भरत म्हणाला, 'साहेब, आत बायका आहेत. पुढचं शटर आपल्या कुलपानं बंद आहे. उद्या काही झालं तर त्या बाहेर कुठून येणार?'

साहेब म्हणाले, 'गाळा बंद आहे, भरत. सील आहे ना?'

'सील आहे म्हणूनच सांगतोय.'

'तू फार टेन्शन घेतोस.'

हे वाक्य मी घरी जाऊन माझ्या नवऱ्याला सांगितलं होतं. तू फार टेन्शन घेतोस. नाही साहेब, उठू नका. बसा. मी तुमचं नावसुद्धा घेतलेलं नाही. तुम्ही एकटे नाही आहात, तुमच्यावर कुणीतरी आहे, त्याच्यावर कुणीतरी आहे, मला माहीत आहे. पण आज इथे तुम्ही आलाय, म्हणून तुम्हाला ऐकावं लागेल.

त्यानंतर थोड्याच दिवसांत भरतची ऑर्डर निघाली. पथकातून बाहेर. डासांच्या फवारणीवर. तुर्भ्याच्या वस्त्यांमध्ये. धूर सोडायचं मशीन खांद्यावर. त्याच आठवड्यात वाशीच्या चौकात मोठा बोर्ड लागला, आमच्या शहरात प्लास्टिकला थारा नाही म्हणून. साहेबांचा फोटो, वरच्या साहेबांचा फोटो. मी आणि भरत समोर चहा पीत होतो. तो बोर्डाकडे बघत म्हणाला, 'वैशाली, हे फ्लेक्स कशाचं बनवतात गं?' मी म्हटलं, 'प्लास्टिकचं.' एवढे हसलो आम्ही त्या दिवशी! चहावाला विचारायला लागला, काय झालं. त्याचं हसणं मी शेवटचं ऐकलं ते तिथेच.

आता तो दिवस.

दुपार होती. मी वाशीला होते, पथकाबरोबर. भरत तुर्भ्याला, गाळ्यामागच्या वस्तीत फवारणी करत होता. त्याचा फोन आला. मागे आरडाओरडा ऐकू येत होता.

'वैशाली, आपल्या सीलच्या गाळ्याला आग लागलीय. बंबाला फोन केलाय. बोळातल्या दाराशीच पेटलंय, तिथून कुणाला येता येत नाहीये. आत बायका आहेत, शटर बडवतायत.'

मी म्हटलं, 'भरत, तू आत जाऊ नको. बंब येऊ दे.'

तो म्हणाला, 'सील मी लावलंय गं. मलाच काढायला लागेल.'

फोन बंद.

पुढचं मला तिथल्या लोकांनी सांगितलं. एका ट्रकवाल्यानं त्याला टायर काढायची लोखंडी टॉमी दिली. भरतनं त्या टॉमीनं कुलूप तोडलं. स्वतः लावलेलं सील स्वतःच्या हातानं तोडलं. शटर वर ढकललं तेव्हा काळा धूर असा बाहेर आला की बघणारे मागे पळाले. प्लास्टिकचा धूर, मंडळी. लाकडाचा असता तर माणूस जरा टिकतो. बायका पोटमाळ्यावरून उतरून शटरपाशी कोंडल्या होत्या. त्यांना त्यानं आणि ट्रकवाल्यानं ओढून बाहेर आणलं. सगळ्या जिवंत. खोकताहेत, उलट्या करताहेत, पण जिवंत.

आणि मग त्यांच्यातली एक ओरडली, 'रेखा राहिली! रेखा आत राहिली!'

भरत परत आत गेला. ट्रकवाल्यानं त्याचा शर्ट धरला होता, तो सोडवून गेला.

रेखा आत नव्हती. ती आग लागायच्या आधीच बाहेर पडली होती, पाणी भरायला नळावर गेली होती.

बंबवाल्यांनी त्याला शिडीच्या पायथ्याशी शोधलं. मी पोचले तेव्हा त्याला गाडीत घालत होते. चेहरा काळा होता, पण भाजलेला नव्हता. झोपल्यासारखा. दवाखान्यात डॉक्टरांनी मान हलवली. तिचा नवरा गेला हे सांगायला स्मिताला फोन मी केला. काय बोलले, मला आठवत नाही. स्मिता, तुला आठवत असेल तर मला कधी सांगू नको.

ज्या बाईनं हाक मारली ती सुनीता. ती इथे आहे. त्या खांबाजवळ बसलीय, डोक्यावरून पदर घेऊन. सुनीता, वर बघ. रोज ती मला फोन करून तेच विचारते, 'ताई, मी ओरडले नसते तर?' सगळ्यांसमोर सांगते तुला. मैत्रीण दिसली नाही म्हणून तू ओरडलीस. कुणीही ओरडेल. ज्यांनी बाहेर कुलूप ठेवलं आणि आत तुम्हाला ठेवलं, त्यांना झोप लागतेय. तू का जागी राहतेस?

कमळामावशींनी तुला बोलावून जवळ बसवलं, जेवायला घातलं. मी बघितलंय ते. त्याहून जास्त मी काय सांगू?

आता मंडळी, मी का चिडलेय ते ऐका. आग लागली म्हणून नाही. आग लागते. आगीनंतर आमच्या ऑफिसनं जे केलं त्यावरून मी चिडलेय.

आमच्या ऑफिसचं म्हणणं असं आहे: सदर कर्मचाऱ्याची नेमणूक फवारणीवर होती. पथकाशी त्याचा संबंध नव्हता. त्यानं सील परवानगीशिवाय तोडलं. सबब, हा मृत्यू कर्तव्यावर असताना झाला असं म्हणता येणार नाही.

परवानगीशिवाय!

साहेब, कुणाची परवानगी घ्यायची होती त्यानं? तुमची? तुमच्याकडेच आला होता की! केबिनमध्ये येऊन, तुमच्यासमोर उभं राहून सांगितलं होतं की आत माणसं आहेत. तुम्ही म्हणालात, गाळा बंद आहे. बंद गाळ्यातून एवढ्या बायका बाहेर कशा आल्या? कागदावर बंद होता ना? मग कागदावर त्या बायकाही नसतील. आगही नसेल. भरतही मेला नसेल. जा, सांगा मावशींना, तुमचा मुलगा कागदावर मेलेला नाही!

(नाही, मला पाणी नको. बोलू द्या.)

दिवसाढवळ्या डोळ्यांसमोर माणसं जळताहेत आणि सरकारी माणसाच्या हातात टॉमी आहे. तेव्हा त्याचं कर्तव्य काय असतं? खांद्यावरचं मशीन घेऊन डासांवर धूर सोडत बसायचं?

आणि बंदी? बंदी अजून आहे. कालच पथक बाजारात गेलं होतं. कुणाला पकडलं? गजरेवालीला. तो गाळेवाला कुठे आहे? मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही म्हणतात. पण सकाळी बाजारात टेम्पो येतोय. दुसरा टेम्पो, दुसऱ्या गल्लीतून. पिशव्या त्याच.

मी काय मागतेय? स्मिताला तिच्या हक्काचं मिळू दे, ते तर हवंच. पण त्याआधी आमच्या ऑफिसनं एक वाक्य लिहून द्यावं, की भरत कामावर होता. कुणी मेहरबानी करायची नाहीये. जे घडलं तेवढं लिहायचं. आणि तो गाळा सीलच्या मागे चालू होता हे ज्यांना माहीत होतं, त्यांनी पोलिसांसमोर बसून सांगावं. ऑफिसातल्या माझ्या मित्रांनो, मी तुमच्याकडे बघतेय. तुम्ही सगळे माना खाली घालून बसलाय. ड्रायव्हरला माहीत होतं. स्टोअरवाल्याला माहीत होतं. माल परत देताना गोणी त्यानंच मोजल्या. तुमची घरं आहेत, हप्ते आहेत, मला कळतं. माझंही घर आहे. पण भरत तुमच्या मुलांच्या बारशाला आला होता रे! एवढं तरी लक्षात ठेवा.

उद्या सकाळी सुनीता जबाब द्यायला जाणार आहे. गाळ्याच्या मालकाची माणसं तिच्या खोलीवर येऊन गेली. तू गावाला जा म्हणाली. ती गेली नाही. ती जाणार आहे तुर्भ्याच्या पोलीस ठाण्यात, आणि मी तिच्याबरोबर जाणार आहे. केबिनमध्ये काय बोलणं झालं ते मीही लिहून देणार. रेखा येतेय. तो ट्रकवाला परराज्यातला, त्यानं गाडी दोन दिवस थांबवून ठेवलीय, तोही येतोय. आत्ता मी हे सांगत असताना मागे कुणीतरी हात वर केलाय. कोण आहे? पुढे या. अरे, शिंदेमामा! आमचे ड्रायव्हर. या मामा. काही बोलू नका, नुसते इथे माझ्याशेजारी उभे राहा. बस.

मला सांगितलं होतं की शेवटी दोन मिनिटं शांतता घ्या. खरं तर माझ्या मनात नव्हतं. गप्प बसणारे आधीच पुष्कळ झालेत. पण कमळामावशींनी तेवढंच मागितलंय. म्हणाल्या, 'माज्या पोराच्या नावानं जरा गप उभं राहा. मंग काय भांडायचं ते भांडा.'

तर उठा मंडळी. साहेब, तुम्हीही उठा. पण ही शांतता भरतसाठी आहे. तिच्या आड कुणी लपू नये.

भरत, तू कामावर होतास. आमचा सगळ्यांचा नमस्कार घे.

शांत उभे राहूया.